चौदा मिनिटांचं गाणं 'एक' गाणं कसं वाटावं?

अर्धा_सोलो (धागाकर्ता)

मंडळी, प्रश्न प्रोग रॉकवाल्यांना आहे (म्हणजे लांबलचक, तालाशी खेळणारं रॉक). इतरांनीही मत द्यावं, पण "एवढं लांब कशाला?" हे सोडून.

गेले आठ महिने एक गाणं लिहितोय. लांबी चौदा मिनिटं वीस सेकंद. बँड चौघांचा: मी गिटारवर, एक बेसवाला, एक ड्रमर, आणि गाणारी बाई कीबोर्डही सांभाळते. परवा पहिल्यांदा अथपासून इतिपर्यंत न थांबता वाजवलं. संपल्यावर कुणीच काही बोलेना. मग ड्रमर स्टिक्स पिशवीत सरकवत म्हणाला, "तुकडे झकास आहेत रे. गाणं कुठाय?"

विषय साधा आहे. झोप न येणाऱ्या माणसाची एक रात्र, अकरा ते पहाटे पाच. सुरुवात ७/८ च्या, म्हणजे फेरीला सात मात्रांच्या, गिटार रिफनं (पुन्हा पुन्हा येणारा छोटा तुकडा) होते. मग कडवी सरळ चारात. त्यानंतर ५/४ मध्ये गिटार आणि कीबोर्डची जुगलबंदी, त्यातून ११/८ चा एक भाग फुटतो (यात माझा जीव आहे, एकट्या या भागावर तीन आठवडे घालवलेत), आणि शेवटी सगळं थांबून फक्त आवाज आणि कीबोर्ड. कागदावर मला हे अजूनही पटतं. प्रत्यक्षात पाच वेगवेगळ्या बँडनी एकामागून एक येऊन वाजवल्यासारखं झालं.

गाणारीची तक्रार वेगळी. ती म्हणते, "मात्रा तुझ्या तू मोज. मला श्वास कुठे घ्यायचा तेवढं सांग."

आता माझा गोंधळ. जेनेसिसचं 'सपर्स रेडी' तेवीस मिनिटांचं आहे, त्यात सात भाग आहेत, मध्येच एक भलताच वेडगळ भाग घुसतो, तरी शेवटाला दर वेळी अंगावर काटा येतो. पिंक फ्लॉइडचं 'मनी' अख्खं सातात आहे, तरी ज्याला तालातलं ओ की ठो कळत नाही तोही ते गुणगुणतो. माझ्याकडेही सात आहे, पाच आहे, अकरा आहे. मग नाही ते काय?

कृपया "मनापासून लिही" असलं काही सांगू नका. मनापासूनच लिहिलंय, तोच तर घोटाळा आहे.

---

तीन_कॉर्ड

तुमचा ड्रमर शहाणा आहे, त्याला जपा.

अहो, हा तुमचा एकट्याचा आजार नाही, त्या सगळ्या जमातीचा आहे. १९७३ साली येस या बँडनं 'टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स' काढला. दोन तबकड्या, चार बाजू, गाणी चार. प्रेरणा काय, तर एका योग्याच्या आत्मचरित्रातली तळटीप. खुद्द त्यांचा कीबोर्डवाला रिक वेकमन इतका कंटाळला की कार्यक्रम चालू असताना कीबोर्डमागे बसून त्यानं करी चापली. हे तोच सांगतो. पुढच्या वर्षी बँडही सोडला. त्यानंतर दोन-तीन वर्षांत पंकवाले तीन कॉर्ड घेऊन आले ते काय उगाच?

आणि जेथ्रो टलनं 'थिक अ‍ॅज अ ब्रिक' १९७२ मध्येच काढलं होतं, दोन्ही बाजू मिळून एकच गाणं. समीक्षक त्यांच्या आधीच्या अल्बमला 'कन्सेप्ट अल्बम' (अख्खा अल्बम एकाच कल्पनेवर) म्हणत सुटले म्हणून चिडून केलेली ही टिंगल. गंमत अशी, की टिंगल म्हणून केलेलं तेच त्यांचं सगळ्यात बांधीव काम निघालं. यातून काय घ्यायचं ते घ्या.

माझं औषध: चौदाचे चार करा.

---

टेपवाले_काका

तीन_कॉर्डशी मी या फोरमवर चार वर्षं भांडतोय, आणखी चार भांडेन. पण टलबद्दल तो बोलला ते खरं आहे.

अर्धा_सोलो, आधी एक दुरुस्ती. 'मनी' अख्खं सातात नाही. सॅक्सोफोनचा सोलो सातात आहे. त्याच्या पाठोपाठ फ्लॉइडच्या गिलमोरची गिटार सुरू होते तेव्हा गाणं सरळ चारावर येतं, आणि गिटार संपली की परत सातावर. चूक काढायची म्हणून हे सांगत नाही. तुझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथेच आहे. त्या गाण्यात सात म्हणजे घर आहे. बाहेर पडून परत येता येतं म्हणून ते घर वाटतं. तुझ्या गाण्यात सातावरून निघालेला माणूस पुन्हा सातावर येतच नाही. पाच घरं बदलतो आणि रस्त्यावरच झोपतो.

दुसरं. त्या गाण्यात सात पहिल्यांदा कानावर येतो तो नाणी, फाटणारा कागद आणि गल्ल्याचं मशीन यांच्या आवाजातून. फ्लॉइडच्या वॉटर्सनं ते आवाज टेपवर घेतले, टेपचे तुकडे मापानं कापून जोडले आणि त्याचं गोल फिरत राहणारं लूप केलं. बेस नंतर येतो. म्हणजे ऐकणाऱ्याच्या कानात शिरतात ते पैसे. ताल त्यांच्या खिशात बसून फुकटात आत येतो. तुझा सात काय बनून आत येतो? झोप न येणाऱ्या माणसाच्या खोलीत सात मात्रांचं काय आहे? उत्तर नसेल तर तो सात फक्त तुझ्या बोटांना आवडलेला आहे.

आता माझी फजिती ऐक. तरुणपणी मीही बावीस मिनिटांचा एक महाप्रकल्प लिहिला होता. कीबोर्ड माझा. मधला एक भाग ११/८, हो, तुझ्यासारखाच, ६ आणि ५ असा तोडलेला. लोकांसमोर एकदाच वाजवला. त्या भागात मी आणि ड्रमर एका मात्रेनं सुटलो, आणि जवळजवळ चार मिनिटं एकमेकांपासून एक मात्रा लांब वाजवत राहिलो. घामानं डबडबलो होतो. खाली उतरल्यावर सगळ्यांना विचारलं, कुणाच्या लक्षात आलं का? कुणाच्याही नाही. पुढच्या रांगेतल्या एकानं तर तोच भाग आवडल्याचं सांगितलं. तेव्हा हायसं वाटलं. घरी जाताना मात्र पोटात खड्डा पडला. चुकलेलं कळत नाही म्हणजे बरोबर काय असायला हवं याची अपेक्षाच आम्ही ऐकणाऱ्याच्या मनात तयार केली नव्हती. समच ठाऊक नसेल तर सम हुकली हे त्याला कळणार कसं?

म्हणून मी विषम तालाला एकच कसोटी लावतो. मुद्दाम एक मात्रा खा आणि बघ, न वाजवणाऱ्या माणसाची मान अडखळते का. 'मनी'मध्ये अडखळेल. 'सॉल्सबरी हिल'मध्येही अडखळेल. १९७७ चं ते गाणं, गायक गॅब्रिएलनं जेनेसिस सोडल्यानंतरचं, आणि सोडण्याबद्दलचंच. तेही ७/४. पण खाली दर मात्रेला साधा ठोका पडत असतो, त्यामुळे पाय हलत राहतो. फरक एवढाच की एका फेरीत सम उजव्या पावलावर येते आणि पुढच्या फेरीत डाव्यावर. म्हणून ते गाणं सतत किंचित पुढे झुकलेलं वाटतं. घरातून निघालेल्या माणसासारखं. इथे नावीन्य आणि अर्थ इतके एकजीव आहेत की सांधाच दिसत नाही.

यातून एक व्यवहारी गोष्ट घे. सगळ्यांनी एकदम वाकडं चालायचं नाही, कुणीतरी एकानं सरळ चालायचं. 'सपर्स रेडी'च्या 'अपोकॅलिप्स इन ९/८' मध्ये बेसवाला रुदरफोर्ड आणि ड्रमर कॉलिन्स नऊचा हातोडा मारत राहतात, आणि वर टोनी बँक्सचा ऑर्गन त्या नऊला न जुमानता कितीतरी वेळ चारात असल्यासारखा फिरतो. ताण त्या दोघांच्या मधल्या फटीत आहे. तुमच्या ११/८ मध्ये काय होतं ते मी न ऐकता सांगतो: चौघेही एकच आकृती एकत्र ठोकता, हो ना? त्याला कवायत म्हणतात.

आता तुझा मूळ प्रश्न, तुकड्यांचा. तुकडे जोडणं हे पाप नाही. 'सपर्स रेडी'तला तो वेडगळ भाग, 'विलो फार्म', गॅब्रिएलकडे आधीपासून वेगळा पडून होता. तो तसाच मध्ये घातलाय. फ्लॉइडचं 'एकोज' तर आधी 'नथिंग' नावाच्या सुट्या तुकड्यांचं गाठोडं होतं. त्याही आधी १९६७ साली बीटल्सनी 'अ डे इन द लाइफ'मध्ये लेननचं अर्धं गाणं आणि मॅकार्टनीचं अर्धं गाणं यांच्यामध्ये चोवीस बार (तालाच्या फेऱ्या) मोकळे सोडले होते, काय भरायचं ते न ठरवता. मोजणी कळावी म्हणून गजराचं घड्याळ लावलं. तो गजर टेपवर राहिला, आणि मॅकार्टनीचा तुकडा नेमका सकाळी उठण्यानं सुरू होतो. सांधा असा सापडला पाहिजे.

पण सांध्यापेक्षा महत्त्वाचं आहे परत येणं. 'विलो फार्म' पचतं कारण त्याच्या आधी पेरलेल्या सुरावटी त्याच्या नंतर परत येतात. नऊच्या त्या गदारोळातून एकदम पहिल्या भागाची चाल वर येते, आणि मग दुसऱ्या भागातली चाल पूर्ण वैभवात शेवट करते. काटा येतो तो त्यामुळे. वीस मिनिटांपूर्वी भेटलेला माणूस म्हातारा होऊन दारात उभा राहावा तसं ते आहे.

याचा सगळ्यात स्वच्छ धडा जेनेसिसच्याच 'फर्थ ऑफ फिफ्थ'मध्ये आहे. १९७३, साडेनऊ मिनिटं. वही घेऊन ऐक. सुरुवातीला पियानोवर एक गुंतागुंतीची धून येते, मात्रा सारख्या बदलत्या. मग गाणं. मग बासरीवर एक साधी, उदास चाल. मग बँड वेग घेतो आणि पियानोची तीच सुरुवातीची धून सिंथेसायझरवर, ड्रम्ससकट येते. आणि मग हॅकेटची गिटार. त्या सोलोचं लोक एवढं कौतुक करतात, पण तो मूळ आहे तरी काय? बासरीचीच चाल. संथ, लांब ताणलेल्या सुरांत, खाली अख्खा बँड घेऊन. नवीन सामान जवळजवळ काही नाही. जे होतं तेच दुसऱ्याच्या हातात दिलंय. आपल्यासारख्या हौशी लोकांना वाटतं, प्रोग म्हणजे दर मिनिटाला नवा माल. ही मंडळी उलट कंजूष होती.

आता अभ्यास. गिटार बाजूला ठेव. तुझ्या पाचही भागांतली मुख्य चाल तोंडानं गुणगुण आणि फोनवर रेकॉर्ड कर. जी गुणगुणता येत नाही ती चाल नाही, ती बोटांची सवय आहे. उरलेल्यांतली एक निवड आणि तिला तीन वेगळे कपडे घाल: एकदा गिटारवर, एकदा गाणारीच्या गळ्यात, एकदा दुप्पट संथ. मग सांग.

अवांतर: माझ्या नावातली टेप मेलोट्रॉनची. त्या कीबोर्डसारख्या वाद्यात दर पट्टीखाली टेपचा एक तुकडा असायचा, साधारण आठ सेकंदांचा. पट्टी दाबून धरली की आठ सेकंदांनी सूर संपला. हात उचला, टेप मागे जाऊ द्या, पुन्हा दाबा. किंग क्रिमसनच्या १९६९ च्या पहिल्या अल्बमवर किंवा जेनेसिसच्या 'वॉचर ऑफ द स्काइज'च्या सुरुवातीला जे भव्य वाटतं ना, ते या लंगड्या यंत्रावर वाजलंय. कॉर्ड बदलणं भागच होतं. आज तेच सॅम्पल संगणकावर अनंतकाळ वाजतं, आणि आपण एका कॉर्डवर अनंतकाळ बसतो.

---

अर्धा_सोलो

काका, कवायत हा शब्द जिव्हारी लागला. हो, चौघेही एकच ठोकतो.

गुणगुणून पाहिलं. पाचांपैकी दोनच आल्या: सातची रिफ, आणि शेवटचा शांत भाग. ११/८ गुणगुणताना बायकोनं येऊन विचारलं, काय हरवलंय का.

पण गाणारीचा प्रश्न तसाच आहे. श्वास.

---

गालगागा

काकांनी वाद्यांचं सांगितलं, मी शब्दांचं सांगते. मी वाजवत नाही काही, गाणी लिहिते. प्रोगवाल्यांच्या धाग्यांवर शब्दांविषयी कुणी बोलतच नाही, म्हणून घुसते.

'वायवायझेड' सगळ्यांना माहीत असेलच. रश या बँडचं, १९८१ च्या 'मूव्हिंग पिक्चर्स'वरचं. शब्द नसलेलं गाणं, पण त्याचा ताल शब्दांतूनच आलाय: टोरोंटोच्या विमानतळाची तीन अक्षरी खूण, मोर्समध्ये. वाय म्हणजे डॅश, डॉट, डॅश, डॅश. झेड म्हणजे दोन डॅश, दोन डॉट. आता डॅशला गुरू म्हणा आणि डॉटला लघू. काय मिळालं? गालगागा, गालगागा, गागालल. सात, सात, सहा. वीस मात्रा, म्हणजे बरोबर ५/४ चा एक बार. माझं टोपणनाव त्या गाण्यात दोनदा येतं हे कळलं तेव्हा मी खुर्चीतून उठून फेऱ्या मारल्या होत्या.

सांगायचं काय, तर सात मात्रा मराठी कानाला मुळीच वाकड्या नाहीत. गालगागा हा तुकडा गझलेत घासून गुळगुळीत झालाय. पाचही नाही: भुजंगप्रयात म्हणजे लगागा चार वेळा, पाच-पाच मात्रांचे चार तुकडे, त्याच्याही वीसच होतात. लहान मूलसुद्धा ते न मोजता म्हणतं. का? कारण शब्द तिथे तुटतात जिथे मात्रा तुटतात. श्वासही तिथेच. तुमच्या गाणारीला श्वास मिळत नाही याचा अर्थ मला असा दिसतो की तुम्ही रिफ आधी केलीत आणि शब्द नंतर कोंबलेत. बरोबर?

कोंबणं ओळखायची खूण सांगते. ओळीत "तो", "ही", "मग", "आता" किती आहेत ते मोजा. चार ओळींत पाच निघाले तर ते शब्द नाहीत, पॅकिंग आहे.

उलट दिशेनं गेलेली माणसंही आहेत. टूल या बँडचं २००१ चं 'लॅटरलस' घ्या. कडव्यातल्या अक्षरांच्या संख्या फिबोनाची क्रमानं (दर संख्या आधीच्या दोनांची बेरीज) चढतात आणि उतरतात: एक, एक, दोन, तीन, पाच, आठ, मग पाच, तीन. धृपदाचा ताल ९/८, ८/८, ७/८ असा फिरतो, आणि ९८७ ही संख्यासुद्धा त्याच मालिकेतली. हे नुसतं सांगितलं तर गणिताची बढाई वाटेल. पण ऐकताना काय होतं बघा: दोन अक्षरं आणि गप्प. तीन अक्षरं आणि गप्प. आठ अक्षरांना गायक जवळजवळ धापा टाकतो. श्वास आधी ठरलाय, गणित त्याच्या अंगाबरोबर बसलंय. गाणं वळत वळत बाहेर पडण्याविषयी आहे आणि ओळीही तशाच वळतात.

जेंटल जायंटच्या 'ऑन रिफ्लेक्शन'मध्ये चार आवाज एकामागून एक येऊन एकमेकांत गुंततात, फ्यूगसारखे. त्यांच्यातला केरी मिनियर रॉयल अकॅडमीत रचना शिकलेला, तेव्हा कौशल्याचं आश्चर्य नाही. मला आवडतं ते हे, की एकाचा श्वास दुसऱ्याच्या ओळीखाली झाकला जातो. तुमच्याकडे गाणारी एकच आहे, मान्य. पण बेसवाला गात नाही का? वाईट गात असेल तरी चालेल. रात्री झोप येत नसलेल्या माणसाच्या डोक्यात दुसरा आवाज असतोच, आणि तो काही सुरेल नसतो.

शेवटी एक प्रश्न. ती अकरा ते पाचची रात्र. तुमच्या माणसाला झोप का येत नाही? तुम्ही कुठेच सांगितलं नाहीत. आम्हाला नाही सांगितलंत तर हरकत नाही, पण गाण्याला सांगितलंय का?

---

तीन_कॉर्ड

लगागा म्हणजे तीन अक्षरं. मी तीन कॉर्ड. ताई, आपलं जमेल.

---

टेपवाले_काका

गालगागा ताई, वायवायझेडचा हिशेब करून पाहिला. चक्क जमतो. तीस वर्षं मी ते डॅश-डॉट म्हणून मोजत होतो!

अर्धा_सोलो, तुझं ते ११/८ टाकून दे असं सगळे म्हणतील. मीही म्हणतोय. पण टाकणं आणि ठेवून देणं यात फरक आहे. क्रिमसनच्या 'स्टारलेस'ची गोष्ट सांगतो. त्यांच्या जॉन वेटननं ते गाणं १९७४ च्या सुरुवातीच्या अल्बमसाठी आणलं होतं. बाकीच्यांना आवडलं नाही, राहिलं. मग त्याला मधला भाग मिळाला: ब्रुफर्डनं आणलेली तेराची बेसची आकृती. त्याच वर्षीच्या 'रेड' अल्बमवर ते बारा मिनिटांचं होऊन आलं. हा ब्रुफर्ड म्हणजे 'क्लोज टू द एज' रेकॉर्ड होताच येस सोडून क्रिमसनमध्ये आलेला ड्रमर. ड्रमरचं ऐकावं ते असं.

तो मधला भाग एकदा डोळे मिटून ऐक. बेस तेराची फेरी घालत राहतो. क्रिमसनचा गिटारवाला फ्रिप वर काय वाजवतो? जवळजवळ एकच सूर. दोन तारांवर आलटून पालटून, आणि मिनिटामिनिटानं किंचित वर सरकत. त्या काळातला एवढा मोठा गिटारवादक आणि चार मिनिटं एका सुरावर बसलाय. तेरा कुणी मोजत नाही, कारण कान त्या एका सुराला लटकलेला असतो: आता सरकेल, आता सरकेल. मग स्फोट, आणि शेवटी सुरुवातीची चाल सॅक्सोफोनवर परत.

ज्याला झोप येत नाही त्याच्या रात्री मला तरी या भागाइतक्याच वाटतात. पण ती तुझी रात्र आहे.

---

अर्धा_सोलो

धागा वर काढतोय, सहा आठवड्यांनी. माफ करा, मधे उत्तर दिलं नाही. ताईंच्या शेवटच्या प्रश्नावर अडकलो होतो.

खरं सांगायचं तर त्या माणसाला झोप का येत नाही हे मलाच ठाऊक नव्हतं. 'अस्वस्थता' असं वहीत लिहिलं होतं, अधोरेखित करून. म्हणजे काहीच नाही. मग वडील आजारी होते तेव्हाचे दिवस आठवले. शेजारच्या खोलीत ते झोपलेले असत आणि मी भिंतीपलीकडचा त्यांचा श्वास मोजत असे. आत, बाहेर, आणि मग एक लांब थांबा. त्या थांब्यात पुढचा श्वास येईपर्यंत मीही श्वास घेत नसे. एके रात्री हे आठवून टेबलावर बोटं आपटत बसलो होतो. तीन आत, तीन बाहेर, एक रिकामी. सात.

रिफ तीच आहे, फक्त सातवी मात्रा आता कुणी वाजवत नाही. आधी तिथे मी एक उडी मारणारा सूर घातला होता, माझा लाडका. तो गेला. काकांची कसोटी करून पाहिली: ती रिकामी मात्रा मुद्दाम खाल्ली आणि भाच्याला ऐकवली. तो म्हणाला, "मामा, मध्येच पुढे का पळालास?"

गाणारी श्वास त्या सातव्या मात्रेतच घेते. तो माइकवर ऐकू येतो, आणि आम्ही तो काढत नाही.

शब्द सगळे नव्यानं लिहिले, रिफच्या आधी. "तो"-"मग"-"आता" मोजले होते, जुन्या पहिल्या कडव्यात नऊ निघाले. नव्यात एक आहे, आणि तो मला हवाय.

५/४ ची जुगलबंदी अर्ध्यावर आणली. तिथे आता बेसवाला एकटा सरळ ठोका धरून चालतो, त्याचं म्हणणं असं की आठ महिन्यांत पहिल्यांदाच तो काय करतोय हे त्याला कळतंय. तो गातोही. वाईट गातो, ताई म्हणाल्या तसंच हवं होतं. शेवटच्या शांत भागाची चाल आता दुसऱ्या मिनिटाला एकदा, ऐकू येईल न येईल अशी, कीबोर्डच्या खालच्या पट्टीत येऊन जाते. आणि शेवटी आवाज येतो तेव्हा त्याच्या खाली सातची रिफ दुप्पट संथ चालते. गिटारवर मी तिथे एकूण नऊ सूर वाजवतो. मोजलेत.

लांबी नऊ मिनिटं चाळीस. तीन_कॉर्ड, अजून पाच चाळीस जास्त आहे, कल्पना आहे मला.

११/८ गेलं. वाटलं होतं तितकं दुखलं नाही. परवा सलग वाजवून झाल्यावर या वेळीही कुणी काही बोललं नाही, पण ड्रमरनं स्टिक्स पिशवीत टाकल्या नाहीत. हातातच धरून बसला. मग हळूच विचारतो, "ते अकरावालं टाकलंस ना, ते मला देशील? एकट्या ड्रम्सवर काहीतरी सुचतंय."

दिलं.